कॅपाडोशिया : तीन दिवस, दोन दऱ्या आणि कातळातली चर्च

घोडबंदरकर (ठाणे)

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझे वडील तुर्कस्तानला जात आहोत आणि त्यातले तीन दिवस कॅपाडोशियासाठी राखून ठेवले आहेत. बाबा ६७ वर्षांचे आहेत. येऊरला ते आजही रोज पहाटे तासभर चालतात, पण शेवटचा हरिश्चंद्रगड होऊन पंधरा वर्षे झाली आणि उतारावर त्यांचा उजवा गुडघा कुरकुरतो. बलूनमध्ये आम्हा दोघांनाही रस नाही. आम्हाला दरीतून चालायचे आहे आणि कातळात कोरलेली जुनी चर्च निवांत पाहायची आहेत. सहल कंपन्यांच्या पत्रकांत मात्र गोरेमे गावाजवळचे खुले संग्रहालय (कातळात कोरलेल्या चर्चचा समूह), गुल्लुदेरे म्हणजे गुलाबी दरी आणि इहलारा अशी तिन्ही नावे एकाच दिवसात कोंबलेली दिसतात. बाबांच्या गुडघ्याला कोणती दरी मानवेल?

दुसरा प्रश्न थोडा बाळबोध आहे. कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत, पण सोबत जाणकार नसेल तर पाचव्या-सहाव्या लेण्यानंतर सगळी सारखीच वाटू लागतात. तिथे तसे होऊ नये म्हणून नेमके काय पाहावे?

पारसिकचा वाटसरू (बेलापूर)

इहलारा निवडा आणि तिला अख्खा दिवस द्या. गोरेमेहून गाडीने सव्वा ते दीड तास लागतो. थेट बस मिळणे अवघड असल्याने दिवसभरासाठी गाडी ठरवणे सोयीचे पडते. इहलारा गावापासून सेलिमेपर्यंत ही दरी सुमारे १४ किलोमीटर लांब आहे, दोन्ही बाजूंना शंभर मीटरहून उंच कडे आणि तळातून मेलेंदिझ नदी वाहते. तळाची वाट जवळपास सपाट आहे, काठाने पॉपलर आणि वाळुंज असल्यामुळे दुपारीही सावली मिळते. मात्र मुख्य प्रवेशद्वारातून तळाशी जायला जवळपास ४०० पायऱ्या आहेत. बाबांना त्या एकदाच उतरू द्या, पुन्हा चढायला लावू नका. तिथून तीन-चार किलोमीटरवर बेलिसिर्मा हे गाव लागते, नदीवर टाकलेल्या लाकडी मचाणांवर बसून जेवता येते आणि गाडी थेट तिथपर्यंत येते. चालकाला तिथेच थांबायला सांगा. पाय चालत असतील तर पुढे सेलिमेपर्यंत जा, नसतील तर चहा घ्या. सेलिमेचा कातळमठ गाडीनेही गाठता येतो, फक्त तिथली चढण उभी आहे.

गुलाबी दरी अंतराने लहान आहे, पण गुडघ्याला तीच जास्त त्रास देईल. तिथला कातळही आपल्यासारखाच ज्वालामुखीने दिलेला, पण आपला लाव्हारसाचा आणि तिथला राखेचा. एर्जियेस, हसन दाग आणि आसपासच्या ज्वालामुखींची राख थरावर थर साचून दगड झाली. हा दगड इतका मऊ की साध्या छिन्नीने कोरता येतो, आणि म्हणूनच वाटेवर त्याचा रांगोळीसारखा बारीक भुगा पसरलेला असतो. सह्याद्रीतल्या घसाऱ्यावर पाऊल आडवे टाकले की दगड कुठेतरी अडतो. तिथे काहीच अडत नाही. मी खारघरच्या टेकडीवर वापरून झिजलेले बूट घालून गेलो आणि गुलाबी दरीला लागून असलेल्या किझिलचुकुर दरीच्या उतारावर दहा-बारा फूट बसूनच खाली आलो. नवे, खोल खाचांचे बूट आणि एक काठी एवढे पुरे आहे.

लेणीवेडी (नेरूळ)

दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहिते. आत शिरल्यावर आधी छताकडे पाहा. ही चर्च बांधलेली नाहीत, तरी त्यांत घुमट, कमानी आणि खांब आहेत. कार्ल्याला कातळात जशी लाकडी वास्तूची नक्कल दिसते, तशी इथे विटा-दगडांच्या बांधकामाची नक्कल आहे. काही ठिकाणी खांबाचा खालचा भाग तुटून गेलेला आहे आणि वरचा तुकडा छताला नुसता लोंबतो आहे, तरी छत शाबूत आहे.

मग रंगांकडे वळा. नुसत्या गेरूने कातळावर ओढलेले क्रूस आणि नक्षी एकीकडे, आणि गिलाव्यावर रंगवलेले ख्रिस्तचरित्राचे प्रसंग दुसरीकडे, असा फरक करायला शिकलात की कंटाळा येणार नाही. बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यात ७२६ ते ८४३ या काळात, मधला एक खंड सोडला तर, मूर्ती आणि चित्रे यांवर बंदी होती. पण नक्षी दिसली की ती त्याच काळातली, असे सरसकट मानू नका, कारण पुढेही नक्षी काढली जात होतीच. गोरेमेतल्या तोकाली चर्चचा दहाव्या शतकातला निळा रंग आणि कारानलिक म्हणजे 'काळोख्या' चर्चमधली अकराव्या शतकातली चित्रे चुकवू नका. दुसऱ्याचे तिकीट वेगळे असते. उजेडाला वाट म्हणून एकच लहानशी खिडकी असल्यामुळे तिथले रंग टिकले. बऱ्याच चर्चची नंतर कबुतरखाने झाली, कारण द्राक्षमळ्यांना कबुतरांची विष्ठा खत म्हणून हवी होती; दारे-खिडक्या लिंपल्या गेल्या आणि आतली चित्रे वाचली. आपल्याकडे कबुतरखान्यावरून जी भांडणे होतात ती आठवून मला तिथे हसू आले होते.

इहलाऱ्यात दोन ठिकाणी रेंगाळा. यिलानली म्हणजे सापांचे चर्च: त्यात पापी स्त्रियांना साप डसताना दाखवले आहेत. याच नावाचे आणखी एक चर्च गोरेमेला आहे, त्यामुळे घोटाळा होतो. दुसरे बेलिसिर्माजवळचे किर्कदामआल्ती. तेराव्या शतकाच्या अखेरीच्या या चर्चमध्ये दान देणारे दांपत्य रंगवले आहे आणि त्यातला ख्रिस्ती सरदार चक्क पागोटे घालून उभा आहे. शेजारच्या लेखात बायझंटाइन सम्राटाबरोबर तिथे राज्य करणारा तुर्की सेल्जुक सुलतान मसूद याचेही नाव आहे. चेहरे बरेच खरवडलेले आहेत आणि वर जाणारी वाट चढाची आहे, तरी मला अख्ख्या दरीत हेच सर्वांत मोलाचे वाटले.

जाण्यापूर्वी एक रविवार बोरिवलीच्या मंडपेश्वरला द्या. शैव लेणे, पोर्तुगीजांनी त्याचे केलेले चर्च आणि भिंतीवर कोरलेला क्रूस हे सगळे तिथे एकाच जागी आहे.

डोंगरवेळ (वाशी)

वरच्या दोघांशी सहमत आहे, पण क्रमाबद्दल माझे मत वेगळे आहे. बहुतेक जण संग्रहालय पहिल्या दिवशी उरकतात. तुम्ही ते तिसऱ्या दिवशी सकाळी उघडताच पाहा. उत्तम चित्रे आधी पाहिली की दरीतली साधी चर्च फिकी वाटतात. संग्रहालयातल्या चर्चमध्ये छायाचित्रे काढू देत नाहीत, पण दऱ्यांतली चर्च अंधारी असल्याने विजेरी लागतेच. मोबाइलच्या उजेडावर विसंबू नका.

घोडबंदरकर (ठाणे)

तिघांचेही आभार. बाबांनी हे सगळे वाचून पागोटेवाल्या सरदारावर बोट ठेवले आहे. बेलिसिर्माहून त्या चर्चपर्यंतचा चढ त्यांना जमेल का?

लेणीवेडी (नेरूळ)

वर चढायला जमेल. उतरताना तुम्ही त्यांच्या एक पाऊल पुढे राहा, आणि जेवणाआधी जा.