परदेशातले वास्तव्य आणि राजकीय अनिश्चितता: आपले अनुभव

एखादी निवडणूक, सार्वमत किंवा अचानक निघालेला आदेश यांमुळे ज्यांचा परदेशी जाण्याचा, तिथे राहण्याचा किंवा परतण्याचा निर्णय बदलला, त्यांनी आपला अनुभव कृपया लिहावा. नियम कोणता होता, यापेक्षा तो स्पष्ट होईपर्यंतचे दिवस कसे काढले, ते सविस्तर सांगावे.

मी एच-वन-बी व्हिसावर अमेरिकेत नोकरी करते. या व्हिसासाठी एक लाख डॉलर शुल्काचा आदेश १९ सप्टेंबर २०२५ रोजी निघाला, तेव्हा आईच्या शस्त्रक्रियेसाठी मी भारतात आले होते. आदेश २१ तारखेपासून लागू होणार होता आणि आधीपासून व्हिसा असलेल्यांना तो लागू आहे की नाही, हे कंपनीच्या वकिलांनाही ठामपणे सांगता येईना. म्हणून मिळेल त्या विमानाने परत या, असा त्यांचा निरोप आला. शस्त्रक्रिया दोन दिवसांवर असताना मी आईला सोडून निघाले. मधल्या विमानतळावर उतरले तेव्हा कळले की जुन्या व्हिसाधारकांना तो लागूच नाही. दरवर्षीच्या ग्रीन कार्डांत, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यांत, एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे आम्हा भारतीयांची रांग फार लांब आहे; पण ती माहीत असल्याने तिच्या हिशेबाने आयुष्य आखता येत होते. त्या एका दिवसानंतर मात्र आम्ही घर घेण्याचा विचार सोडून दिला.

वरील अनुभव वाचून आमची दोन वर्षे आठवली. माझे पती जर्मन नागरिक आहेत. जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मते युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने पडली, तेव्हा आम्ही ब्रिटनमध्ये होतो आणि माझा तिथे राहण्याचा हक्क त्यांच्या हक्कावर अवलंबून होता. वाट पाहावी, असे ते म्हणत. मुलाच्या शाळाप्रवेशाचे वर्ष थांबणार नाही, असे मी म्हणे. २०१८ मध्ये आम्ही हॅम्बुर्गला गेलो. युरोपीय संघाचे नागरिक आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठीची ब्रिटनमधील कायम वास्तव्याची योजना सर्व अर्जदारांना खुली झाली ती मार्च २०१९ मध्ये, आणि तिची पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आम्ही तिथेच राहिलो असतो तर सहज पूर्ण केली असती.

शिक्षणानंतर दोन वर्षे काम करता येते, या भरवशावर कर्ज काढून मी २०११ मध्ये ब्रिटनला गेलो. एप्रिल २०१२ मध्ये ती सोय बंद झाली. तशीच सोय २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. आता भाची निघाली आहे. परत येऊन इथल्या पगारात फेडता येईल एवढेच कर्ज घे, असे मी तिला सांगितले आहे.