उत्तर: ग्रब इमेज वाचत नाही, कर्नल वाचतं
हायबरनेट करताना रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून मशीन बंद होतं; ती उतरवलेली प्रत म्हणजे इमेज. मशीन चालू केलं की ही इमेज ग्रबच (लिनक्सचा बूटलोडर, म्हणजे सुरुवातीला सिस्टिम लोड करणारा प्रोग्रॅम) रॅममध्ये चढवतो, असं एका पोस्टमध्ये म्हटलंय. विंडोजमध्ये थोडंफार तसंच होतं. तिथे बूट मॅनेजर विनरिझ्यूम हा प्रोग्रॅम चालू करतो आणि तो इमेज असलेली हायबरफिल फाइल वाचतो. लिनक्सवर मात्र ग्रबला याचा पत्ताच नसतो. तो नेहमीसारखं नवं कर्नल (सिस्टिमचा गाभा) लोड करतो. रूट (मुख्य फाइल सिस्टिम) माउंट होण्याआधी तेच कर्नल स्वॅपवर (इमेज ठेवलेला डिस्कचा भाग) 'एस१सस्पेंड' ही खूण शोधतं, सापडली की इमेज रॅममध्ये भरतं आणि इमेजमधल्या जुन्या कर्नलच्या हाती कारभार देऊन मोकळं होतं.

म्हणून बिघाड बहुतेकदा ग्रबनंतरच्या टप्प्यात असतो. कुपवाड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये लाइट गेली की यूपीएसवर डेबियनचं (लिनक्सची एक डिस्ट्रो, म्हणजे प्रकार) मशीन हायबरनेट करतात. दुसरी डिस्ट्रो टाकताना इन्स्टॉलरने स्वॅप फॉरमॅट केलं, त्यामुळे त्याचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) बदलला. एफएसटॅबमध्ये (सिस्टिम वापरते त्या डिस्क-भागांची यादी) नवा टाकला होता, त्यामुळे हायबरनेट बिनबोभाट व्हायचं, पण चालू केलं की कोरं लॉगिन, टाइप करत असलेली चलनं गायब! इनिशियल रॅमडिस्कच्या (बूट होताना आधी लोड होणारी छोटी फाइल सिस्टिम) रिझ्यूम फाइलमध्ये जुनाच यूयूआयडी होता. तो बदलून रॅमडिस्क पुन्हा बनवली आणि काम झालं. ग्रब पुन्हा टाकण्याआधी ती फाइल आणि ब्लकआयडीचं (यूयूआयडी दाखवणारी कमांड) आउटपुट ताडून बघा.