दिवस भरलेल्या म्हशीच्या कळा मध्येच थांबल्या आहेत. वाट पाहावी का?

प्रश्न (करवीर तालुका, कोल्हापूर) :

माझी मुऱ्हा म्हैस तिसऱ्या वेताची असून कृत्रिम रेतनाच्या नोंदीप्रमाणे आज 308 वा दिवस आहे. काल दुपारी चारच्या सुमारास ती सारखी ऊठबस करू लागली, मागच्या पायाने पोटावर लाथा मारू लागली आणि शेपटी उचलून कळा देऊ लागली. कास भरलेली आहे, परंतु पाणमोट (रेडकाभोवतीची पाण्याची पिशवी) काही दिसली नाही. रात्री दहानंतर कळा थांबल्या. आज सकाळी तिने पेंड नुसती हुंगून सोडली, रवंथ बंद आहे आणि शेणही थोडे व घट्ट टाकले. वडील म्हणतात की या खोट्या कळा होत्या, दोन दिवसांत विईल. गावातील एकाने कळांचे इंजेक्शन आणून देण्याची तयारी दाखवली आहे. काय करावे?

उत्तर 1 (पशुवैद्यक, सातारा जिल्हा) :

वाट पाहू नये आणि ते इंजेक्शन तर मुळीच देऊ नये. दिवस भरलेली म्हैस कळा देऊन पाणमोट न येताच शांत झाली आणि तिने खाणे सोडले, तर सर्वांत आधी गर्भाशयाला पीळ पडल्याची शंका घ्यावी लागते, कारण म्हशीमध्ये विण्यात अडथळा येण्याचे ते सर्वांत मोठे कारण आहे. गर्भाशयाच्या गाभण शिंगाचे (ज्या फाट्यात रेडकू वाढते त्याचे) वजन एका बाजूला, पोट ओघळते आणि गर्भाशयाला धरून ठेवणारे पडदे सैल. अशा स्थितीत म्हैस झटक्यात उठली, घसरली किंवा रेडकाने आत जोरात हालचाल केली, की सगळी पिशवी फिरते. वाट बंद असताना कळा वाढवणारे औषध दिले तर गर्भाशय फाटण्याचा धोका असतो. कळा थांबल्या याचा अर्थ म्हशीला आराम पडला असा नसून, बहुधा ती दमली आहे असा आहे.

निदान बाहेरून होत नाही, हात घालूनच करावे लागते. पीळ गर्भाशयमुखाच्या मागे, म्हणजे योनीकडे असेल, तर हात पुढे सरकताना पिळलेल्या ओल्या धोतरासारख्या वळ्या बोटांना लागतात आणि त्या वळ्यांच्या दिशेने हातही फिरत जातो. मुखाच्या पुढे पीळ असेल तर योनीत फारसे काही कळत नाही. तेव्हा गुदमार्गातून पडदे चाचपावे लागतात. उजव्या पिळात डावा पडदा वरून उजवीकडे ताणलेला लागतो आणि उजवा खाली ओढला गेलेला असतो. म्हशीत पीळ बहुतेक वेळा उजवाच निघतो, तरीही खात्री केल्याशिवाय लोळवू नये, कारण उलट दिशेला लोळवले तर तो आणखी घट्ट होतो.

तुमचे सतरा तास झाले आहेत. पहिल्या दिवसात पीळ सुटला तर म्हैस सहसा वाचते आणि कधी रेडकूही जिवंत मिळते. 36 तास उलटले की गर्भाशयाला सूज येते, ते आजूबाजूला चिकटू लागते आणि शस्त्रक्रियेनेही हमी देता येत नाही. जवळच्या दवाखान्यात कळवा, नाहीतर जनावरांच्या उपचारासाठीच्या 1962 या मदत क्रमांकावर फोन करा.

उत्तर 2 (पशुपालक, सांगली) :

डॉक्टर येईपर्यंत पाच-सहा माणसे, दोन जाड दोर आणि नऊ-दहा फूट लांबीची रुंद फळी तयार ठेवा. आमच्याकडे फळीसाठी शेजाऱ्याच्या बांधकामावर धावावे लागले आणि त्यात पाऊण तास गेला. कोबा टाळून मऊ मातीची जागा निवडा व कडबा पसरा.

आमच्या म्हशीचा पीळ उजवा असल्याने तिला उजव्या कुशीवर पाडले, पुढचे दोन पाय एकत्र व मागचे दोन एकत्र बांधले, वर आलेल्या डाव्या कुशीवर फळी आडवी ठेवली आणि तिच्या जमिनीकडच्या टोकावर एक जण उभा राहिला. फळीने गर्भाशय दाबून धरायचे आणि म्हशीचे अंग पाठीवरून डाव्या कुशीकडे फिरवायचे, म्हणजे अंगच पिळाला गाठते. डोके धरणारा माणूस कणखर हवा. शिंग लागले की काम तिथेच थांबते.

उत्तर 3 (गृहिणी, जुन्नर) :

आमच्या आठ महिन्यांच्या गाभण म्हशीचे अंग बसली की बाहेर येते आणि उठली की आत जाते. हाही पीळच का?

उत्तर 4 (वरील पशुवैद्यक) :

नाही ताई, याला मायांग बाहेर येणे म्हणतात. मागची बाजू चार-सहा इंच उंच राहील अशी जमीन करा, एका वेळी पोटभर वैरण न देता थोडी थोडी विभागून द्या, क्षारमिश्रण चालू ठेवा आणि बुरशी लागलेला चारा बंद करा. बाहेर आलेला भाग पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी, गार पाण्याने धुऊन स्वच्छ तळहाताने आत सारा. उठल्यावरही आत जात नसेल किंवा लघवी अडत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.

प्रश्नकर्ता, पाच दिवसांनी :

डॉक्टर साडेअकराला आले. पीळ उजवाच होता. पहिल्या दोन वेळा लोळवून काही फरक पडला नाही; तिसऱ्या वेळी डॉक्टरांचा हात आत असतानाच तांबूस पाण्याचा लोट बाहेर आला आणि त्यांची बाही कोपरापर्यंत भिजली. गर्भाशयमुख चार बोटेच उघडले होते, म्हणून सलाइन आणि कॅल्शियम देऊन तीन तास थांबलो. रेडकू मेलेले निघाले. वार रात्री पडली.

म्हैस आता वैरण खाते आणि दोन्ही वेळचे मिळून सहा लिटर दूध देते. रेडकू नसल्यामुळे पान्हा सोडत नाही, म्हणून पुढ्यात सरकी पेंड ठेवून कास बराच वेळ चोळावी लागते. गर्भाशय तपासल्याशिवाय पुढचे रेतन करू नये, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. तिचा माज नेहमीच मुका (बाहेरून फारशी लक्षणे न दाखवणारा) असल्याने पहाटे आणि रात्री लक्ष ठेवण्याचे काम वडिलांनी स्वतःकडे घेतले आहे.