शब्दचर्चा: 'क्रेडिट'ला श्रेय, सवलत की वजावट?

नकाशेवाला:
नाशिकला एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन आहे. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याची पावसाळी पाण्याची २००० सालची नियमपुस्तिका आहे, तिचा थोडा भाग मराठीत करायचाय. यंत्राने 'स्टॉर्मवॉटर'चं 'वादळी पाणी' केलं आणि 'क्रेडिट'चं 'श्रेय'. वादळी पाण्याचं श्रेय! काय लिहू?

गोदाकाठची:
'पावसाळी गटार' आपण रोज म्हणतो, तेव्हा 'पावसाळी पाणी'. 'पर्जन्यजल' म्हटलं की गच्चीवरचा पाइप आणि टाकी दिसते, रस्त्यावरचा लोंढा नाही. पाणलोटवाल्यांचा 'अपधाव' आहे, म्हणजे जमिनीवरून वाहून जाणारं पाणी, पण तो पुस्तकातच बरा.

जमाखर्च:
क्रेडिटला 'सवलत' का नको? घरपट्टीत असते तशी.

नकाशेवाला:
सवलत मेहेरबानीची वाटते. इथे हिशेब आहे. समजा, ४० गुंठ्यांचा प्लॉट. त्यातले ८ गुंठे झाडीसकट तसेच ठेवले आणि पुढेही कोणी हात लावणार नाही असं कागदोपत्री बांधून घेतलं, तर किती पाणी शुद्ध करून सोडायचं हे ३२ गुंठ्यांवर ठरतं. तळं, चर लहान लागतात, बिल्डरचा खर्च वाचतो.

जमाखर्च:
मग ती वजावट! आयकरातलीच. एकूण क्षेत्रातून सरळ वजा.

गोदाकाठची:
वजावट पक्की. आता 'प्रिझर्व्ह'. जतन वाड्याचं, पोथीचं. जमीन आपण राखतो: कुरण राखलं, राई राखली. म्हणून 'राखलेली जागा'. 'राखीव' मात्र नको, लोक शाळेचं नाहीतर बागेचं आरक्षण समजतील.

जमाखर्च:
'मोकळी जागा' चालणार नाही? आपल्याकडे ४००० चौरस मीटर आणि वरच्या ले-आउटला १० टक्के सोडावीच लागते.

नकाशेवाला:
तिथेच घोळ होतो. ती आपण आधी सपाट करतो, मग लॉन आणि पेव्हर ब्लॉक. गंगापूर रोडच्या एका ले-आउटच्या जुन्या मोजणी नकाशात कोपऱ्यातून पाण्याच्या वाटेची दुहेरी रेघ जात होती. जागेवर गेलो तर चार करंज, तळाशी खेकड्यांची बिळं. पुढे मुरूम पडला, त्यावर 'मोकळी जागा' असं लिहिलं गेलं. रेघ पुसली मीच. आता जोराचा पाऊस झाला की पाणी पार्किंगमधून वाट काढतं.

गोदाकाठची:
नाशिकच्याच दहीपूल, सराफ बाजाराचं तेच. खालून सरस्वती जाते. नाव नदीचं, आडनाव नाला. एकदा नाला म्हटलं की झाकायला मोकळे.

जमाखर्च:
तुमच्या त्या रेघेला काय म्हणायचं? ओढा?

नकाशेवाला:
नाही, ओढ्याला पाऊस थांबल्यावरही थोडे दिवस पाणी हवं. ही दोन दिवसांत कोरडी पडायची. ओघळ.