‘डब कवी’ला मराठीत काय म्हणावं?

रत्नागिरी
पुढच्या महिन्यात आमच्या वाचनालयात माझ्या सर्वांत लाडक्या कवीबद्दल बोलायचं आहे, लिंटन क्वेसी जॉन्सनबद्दल. जन्म १९५२चा, जमैकातला. अकराव्या वर्षी लंडनला आला आणि ब्रिक्स्टनमध्ये वाढला. रेगे या जमैकन संगीताच्या ठेक्यावर तो कविता बोलतो. गात नाही, बोलतोच. पण साथ थांबली तरी ठेका शब्दांत शाबूत असतो. तुरुंगातल्या मुलाने आईला लिहिलेलं पत्र ही त्याची एक कविता आहे, १९७९च्या तबकडीत आलेली. धाकट्या भावाला सांभाळीन हे वचन पाळता आलं नाही, असं तो पोरगा आईला कळवतो. किती वेळा ऐकलं तरी घसा दाटतो. या प्रकाराला तिकडे ‘डब पोएट्री’ म्हणतात. फलकावर ‘डब कवी’ लिहिलं, तर लोक विचारू लागले, कुठल्या सिनेमाला आवाज दिलाय यांनी? काय लिहू?

दापोली
‘काव्यगायक’. नाहीतर ‘नादकवी’. चांगले शब्द असताना ‘डब’ कशाला?

रत्नागिरी
काव्यगायन म्हटलं की लोकांना पेटी आणि चाल लावलेली कविता आठवते. इथे चाल नाहीच. आणि नाद कुठल्या चांगल्या कवितेत नसतो?

वेंगुर्ले
मी शाळेत मराठी शिकवलं, म्हणून बोलतो. आपण गाणं ‘म्हणतो’, आरती ‘म्हणतो’, पाढे ‘म्हणतो’, आणि ‘तो असं म्हणाला’ हेही म्हणतो. बोलणं आणि गाणं यांच्यामध्ये मराठीने भिंत घातलेलीच नाही. आमच्याकडे अजून विचारतात, “तुका गाना म्हणूक येता काय?” मूळ संस्कृत ‘भण्’, म्हणजे बोलणे. अभंग टाळ-मृदंगावर गायचा आणि शेवटी ‘तुका म्हणे’! तेव्हा सरळ लिहा, ‘कविता म्हणणारा कवी’.

दापोली
गुरुजी, कविता तर पहिलीतलं पोरही म्हणतं. त्यातून श्रोत्याला काय कळणार?

देवगड
मी तर म्हणेन, गाऱ्हाणं. जत्रेत मानकरी देवासमोर उभा राहून गाऱ्हाणं घालतो ते आठवा. चाल नाही, पण प्रत्येक वाक्याला लय. वाक्य संपलं की सगळा गाव एका आवाजात “व्हय म्हाराजा”! माझे आजोबा घालायचे तेव्हा अंगावर काटा यायचा. तुमचा कवीही आपल्या लोकांचं दुःख सगळ्यांसमोर मांडतोय. पोलीस नुसत्या संशयावर काळ्या पोरांना उचलत होते, त्यावरच ना ती पत्राची कविता?

रत्नागिरी
हो, त्यावरच. तुमचं वाचून मी थबकलेच.

सावंतवाडी
गाऱ्हाणं हा शब्द वापरू नका. ते देवाचं आहे, त्याला जागा लागते, अधिकार लागतो. सभागृहाच्या फलकावर शोभणार नाही.

देवगड
मुळात शब्दाचा अर्थ तक्रारच. ‘गर्हा’ म्हणजे निंदा, त्यावरून आला. शेजाऱ्याचं गाऱ्हाणं सांगतो तेव्हा कुठे देव असतो?

सावंतवाडी
गाऱ्हाणं सांगणं वेगळं, घालणं वेगळं. क्रियापद बदललं की शब्द बदलतो, आमच्या गावात हा फरक लहान पोरालाही कळतो. आणि कृपा करून ‘होय महाराजा’ असं तरी लिहा.

देवगड
का म्हणून? जसं बोलतात तसंच लिहिणार.

रत्नागिरी
माझा कवीही हेच करतो! ‘इंग्लंड’ न लिहिता ‘इंग्लन’ लिहितो, जमैकन माणसाच्या तोंडी आहे तसंच. त्याला कोणी शुद्ध करायला गेलं तर ठेकाच मोडेल. त्याच्या निवडक कविता २००२ साली पेंग्विनच्या आधुनिक अभिजात मालेत आल्या, त्या याच बोलीसकट.

दापोली
बोलीला माझा विरोध नाही, पण लेखनाचा नियम हवा. मालवणीत एकच शब्द तिघे तीन तऱ्हांनी लिहितात.

वेंगुर्ले
लिहू देत. आधी लिहितायत हे महत्त्वाचं.

चिपळूण
‘डब’चा अर्थ कोणीच सांगितला नाही. जमैकात तबकडीच्या मागच्या बाजूला गाण्यातला गायकाचा आवाज काढून ड्रम आणि बास तेवढे ठेवत. त्या मोकळ्या जागेत डीजे बोलायचे. कवितेच्या या प्रकाराला नाव त्या संगीतावरून पडलं. सिनेमाचं डबिंग आणि हे डब, दोन्हींचं मूळ इंग्रजी ‘डबल’.

कुडाळ
मग प्रश्नच मिटला! ‘डबल’ आपल्या देवळात कधीच येऊन बसलाय. दोन बुवा समोरासमोर, पखवाज, पेटी, झांज, रात्रभर भजनाची डबलबारी. बुवा गजर म्हणता म्हणता मधेच बोलायला लागतो, समोरच्याला शब्दात पकडतो, पुन्हा चालीत शिरतो, आणि पखवाजवाला एक मात्रा चुकत नाही. त्यातला ‘डबल’ चालतो आणि ‘डब’ चालत नाही?

दापोली
त्याला मराठी नाव द्यायला कोणाची हरकत होती? तीन बुवा असले की ‘तिरंगी’ म्हणताच ना?

कुडाळ
म्हणतो. पण ‘दुरंगी’ म्हटलं तर एक माणूस यायचा नाही.

वेंगुर्ले
यातला ‘बारी’ हा संस्कृत ‘वार’वरून, म्हणजे पाळी. हिंदीतही बारी आहेच.

सावंतवाडी
गुरुजी, तमाशातही बारी असते. आधी तिथे की भजनात?

कुडाळ
भजनात!

वेंगुर्ले
पुरावा द्या, मग बोलू.