पिंजऱ्यात एक बिबट्या गेला, सकाळी पुन्हा पाऊल. एक नेला की दुसरा येतो हे खरं का?

बांधावरचा:
राम राम मंडळी. जुन्नर तालुका, घर उसाला लागून. दिवाळीपासून दोन शेळ्या गेल्या. परवा शेजारच्या रानातल्या पिंजऱ्यात मादी अडकली, पोरांनी फटाके वाजवले. आणि आज आमच्या पाटाच्या चिखलात ताजं पाऊल! बायको म्हणते, तीच परत आली. मला ते पाऊल मोठं वाटतंय, नराचं. एक नेला की दुसरा येतो म्हणतात ते खरं, की आम्हाला गप्प बसवायला सांगतात? रात्रीची लाईट असते, मोटार चालू करायला मलाच जावं लागतं, म्हणून विचारतोय.

ठसेवाली:
दादा, याचा हिशोब तुमच्याच भागातून निघालाय. 2001 पासून जुन्नरकडचे 29 बिबटे धरून आसपासच्या जंगलांत, सरासरी चाळीसेक किलोमीटरवर सोडले. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले व्हायचे, नंतर 2003 पर्यंत ती सरासरी 17 झाली. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये हे मांडलं. जुन्या जनावराची हद्द रिकामी झाली की हद्द शोधत फिरणारं तरणं जनावर शिरतं. नेलेलाही सोडल्या जागी थांबेलच असं नाही. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याला माग कळवणारा पट्टा बांधून माळशेजला सोडलं, गडी सव्वाशेच्या आसपास किलोमीटर चालून मुंबईच्या उद्यानाकडे पोचला.

पाचट:
ताई, आकडे वीस वर्षांपूर्वीचे. आता उसातच जन्मलेल्या बिबट्यांनी जंगल पाहिलेलंच नाही. धरायचा नाही, सोडायचा नाही, मग काय ओवाळायचा? माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात तरी किती ठेवणार? नसबंदी करा म्हणावं.

ठसेवाली:
नसबंदीमागचा विचार चांगला आहे: मादी हद्द धरून राहते, पिल्लं होत नाहीत. पण उसातली प्रत्येक मादी धरणार कोण? आणि नसबंदी झालेल्या मादीलाही भूक लागतेच. दादांची शेळी त्याने वाचत नाही.

अकोल्याची मावशी:
आमच्याकडे, नगरकडच्या अकोल्यात, बिबट्याची विष्ठा तपासून अभ्यास झाला होता. खाण्यात वजनाने 39 टक्के कुत्री, शेळ्या जेमतेम 11. आणि भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट! मला विचाराल तर कारण साधं आहे, रात्री शेळी कोंडलेली, कुत्रं मोकळं. बाळा, तुझ्या शेळ्या कुठे बांधल्या होत्या?

बांधावरचा:
मावशी, पकडलंत. कुडाच्या गोठ्यात. दाराला कडी आहे, वरून उघडंच होतं. बायको दोन वर्षं जाळी टाका म्हणत होती, आता ती हे वाचून हसतेय. उद्या नारायणगावातून जाळी आणतो. मोटारीचं मात्र तसंच राहिलं. या आठवड्यात लाईट रात्री साडेअकराची आहे, कोणी दिवसाची करून घेतली असेल तर कशी ते सांगा.