मेल स्पॅममधे पडू लालेत, टूल बदलू का?

लातूरकर_क्लासवाला:
लातूरला आमचा नीटचा छोटा क्लास हाय. चार वर्षांच्या अॅडमिशन फॉर्मवरचे 6,200 मेल आयडी एक्सेलमधे हायेत, टेस्ट सिरीज निघाली की एका दमात सगळ्यांना मेल मर्ज. मागच्या खेपेला ढीगभर बाउन्स (न पोचता परत आलेले मेल) आले अन् आता माझ्याच दुसऱ्या जीमेलवर आमचा मेल स्पॅममधे. कामून होऊ लालंय?

जालना_बियाणं:
टूल बदलून काय होतंय राव, घाण यादीत हाय. बाउन्सचा कोड बघा. 550 5.1.1 म्हणजे असा आयडीच नाही, लगेच उडवा. 452 4.2.2 म्हणजे मेलबॉक्स भरलाय, त्याला दोन-तीन चान्स द्या. जुन्या पोरांचे आयडी तर गेलेच समजा, दोन वर्षं न वापरलेली खाती गूगल डिसेंबर 2023 पासून काढू लागलंय.

नांदेड_डिजिटल:
एक्सेलमधे मेलचा कॉलम सॉर्ट करून बघा आधी. आमच्याकडं एकच आयडी 43 पोरांच्या नावापुढं निघाला, कुणाचा? तर नेटकॅफेवाल्याचा! पोरगं फॉर्म भरायला गेलं की हा आपलाच आयडी ठोकून देतो, मग आमचे 43 मेल एकदम त्याच्याकडं, तो बिचारा स्पॅम दाबणार नाही तर काय करणार. जीमेलला तक्रारी 0.3 टक्क्याच्या खाली लागतात, म्हणजे हजारात तीन झाले की झालं. आणि फेब्रुवारी 2024 पासून दिवसाला 5,000 जीमेलवाल्यांना पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलाय हे दाखवणाऱ्या सेटिंग्ज) सक्तीच्या हायेत, अन् जून 2024 पासून जाहिरातीच्या मेलला एका क्लिकचं अनसबस्क्राइब (यादीतून बाहेर पडायचं बटण) पण. एकदा हा आकडा गाठला की कायमचे मोठ्या सेंडरात, नंतर कमी पाठवले तरी. तुमचे 6,200 एका दमात चाललेत, बगा.

लातूरकर_क्लासवाला:
बाप रे. मग सहा महिन्यांत ज्यांनी मेल उघडलाच नाही ते पण काढू का?

जालना_बियाणं:
नुसत्या ओपनवर जाऊ नका, मेलातला छुपा फोटो लोड झाला की ओपन मोजतात, अन् 2021 पासून आयफोनचं मेल अॅप फोटो आपोआपच लोड करू शकतं, माणसानं न बघता ओपन दिसतं. क्लिक बघा. क्लिक नाही त्यांना 'ठेवू का काढू' असा एक मेल टाका, उत्तर नाही आलं तर काढा, जीव तुटतो पण काढा.

नांदेड_डिजिटल:
नवीन अॅडमिशनला पोराच्या स्वतःच्या मोबाइलवर कन्फर्म लिंक दाबून घ्या, मगच पावती. अन् कुणी नीटच्या पोरांची यादी विकत देतो म्हणला तर हात जोडा.

लातूरकर_क्लासवाला:
सॉर्ट केलं. एकच आयडी 61 वेळा. कॅफे आमच्या क्लासच्या खालीच हाय, रोज चहा सोबत पितो आम्ही.